ढवळीचं बाळंतपण

शके सतराशे शहाऐंशीचा मार्गशीर्ष. दूरदेशी कुठेशी लढाई जुंपली होती, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. दर्यापूरजवळच्या मनकर्णाबाईंच्या घरात आढ्यापर्यंत कापूस, कापसात उंदीर आणि उंदरांना धाक एकट्या ढवळी मांजरीचा.

त्यातच ढवळीला चार पिल्लं झाली. मनकर्णाबाईंनी गावातल्या पंधरा जणींची बाळंतपणं निभावली होती, त्यांना काही न विचारता. घरात तूप मुबलक. लसूण तुपात परतून, ठेचून, दूधभातात कालवून दोन्ही वेळा सुरू झाला. शेक द्यायला शेगडीही आली.

"मांजरीले लसूण?" त्यांचे यजमान जानराव म्हणाले. "तिले इचारलं का?"

"तुमाले काय समजते बाळंतपणातलं?"

तुपाच्या लोभानं ढवळी खाई. पाचव्या दिवशी तिनं तोंड फिरवलं. अंगात वारा शिरला, असं ठरवून मनकर्णाबाईंनी लसूण दुप्पट केला आणि बोटानं चाटवला. सातव्या दिवशी ढवळीच्या हिरड्या कापसासारख्या पांढऱ्या, लघवी लाल. मान उचलेना. पिल्लं कोरडी आचळं ओढून ओरडत होती.

भाजी घेऊन आलेली पार्बताबाई माळीण वाडग्यात डोकावली.

"हे काय चारून राहिली वो बाई?"

"लसूण. बाळंतीण हाय ना."

"माहा बोका असाच गेला, कांद्याचं कालवण चाटू चाटू. कांदा-लसूण जहर हाय यायले. बाई नोहे वो ते, मांजर हाय."

पंधरा बाळंतिणींचं ज्ञान त्या वाडग्यासकट उकिरड्यावर गेलं. पिल्लांना वातीनं बकरीचं दूध सुरू झालं. आणि जिनं उंबऱ्याआत कधी अंडं येऊ दिलं नाही, ती मनकर्णाबाई पदराआड वाटी घेऊन शेजारच्या नत्थुजीच्या दारात उभी राहिली.

"बकऱ्याचं मटण पाहिजे, अन् तेबी बिनकांद्याचं?" नत्थुजी म्हणाला. "उपास हाय का काकू?"

आठवडाभर त्यांनी हे ऐकून घेतलं आणि रोज ती वाटी ढवळीपुढे ठेवली. मग एका सकाळी ढवळी उठली, आणि चार दिवसांनी एक मारलेला उंदीर मनकर्णाबाईंच्या पायाशी टाकून गेली. सुईणीचा मान असावा.

एक पिल्लू वाचलं नाही. त्याचं नाव मनकर्णाबाई घेत नसत. ढवळी आणखी नऊ वर्षं जगली. लढाई संपली, भाव पडला, जानरावांनी पुन्हा ज्वारी पेरली. पार्बताबाई मरेपर्यंत कांदे मोजताना "घरी मांजर तं नाही?" म्हणून विचारी. मनकर्णाबाईंना बाळंतपणाची बोलावणी येतच राहिली; फक्त निरोप्याला जानराव आधी विचारत, "माणसाचंच हाय ना बाप्पा?"