चाळीसहून जास्त रविवारांचा ताप

"कसं चाललंय?" या प्रश्नाला हल्ली आपल्या सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं. रॉझलिंडही दर रविवारी सहाच्या फोनवर वडिलांना तेच द्यायची. "हेक्टिक, डॅड! श्वास घ्यायला फुरसत नाही. तुम्ही बरे ना? ठेवते मग."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती लीड्सहून ग्रिम्सबीला वडील क्लिफर्ड यांच्याकडे आली, तीही तासाभरापुरती. क्लिफर्डनी चहा ओतला तो कपाबाहेर. ओघळ थेट तिच्या लॅपटॉपकडे निघाला.

"डॅड! लक्ष कुठंय तुमचं?"

"लक्ष जागेवर आहे त्याचं. डोळे गेलेत," चहाला आलेल्या शेजारच्या एनिड म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स. "मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली यानं. घरी न्यायला आणि रात्री सोबतीला कुणी लागतं. मी ही अशी काठीवर! तिसऱ्यांदा नाही म्हटलं, की यादीतून नाव गेलं."

"मग मला सांगायचं ना!" रॉझलिंड वैतागली. "काय हा हट्ट!"

क्लिफर्डनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवण्यात त्यांचा जन्म गेलेला. रोजच्या चौकटीत वारा आणि पाऊस. रविवारी मात्र फक्त 'एच'. तिनं पानं मागे उलटली. जानेवारीपासून एकही रविवार सुटला नव्हता.

"एच म्हणजे?"

"हेक्टिक. म्हणजे त्या दिवशी विचारायचं नाही."

"पण मला खरंच कामं असतात हो!"

"असतील की," एनिड म्हणाल्या. "घर बदलायचा दिवस हेक्टिक, परीक्षेचा आठवडा हेक्टिक. पण अख्खं वर्ष? अगं पोरी, जुने डॉक्टर क्षयाच्या तापाला हेक्टिक म्हणायचे. गाल गुलाबी, आणि आतून माणूस झिजतोय! आणि थर्मामीटर रोज एकशेचारच दाखवायला लागला, की आम्ही औषध नव्हतो देत; थर्मामीटर बदलायचो!"

रॉझलिंडनं आठवून पाहिलं. गेल्या रविवारी ती काय करत होती? सोफ्यावर लोळत टीव्हीवर केकच्या स्पर्धा बघत होती!

"तारीख कधीची आहे?"

"गुरुवारची," क्लिफर्ड म्हणाले. "पण गुरुवारी तुझी मीटिंग असते ना..."

"होईल माझ्यावाचून."

तिनं पेन घेतलं आणि गुरुवारच्या चौकटीत, वडिलांना दिसेल एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं : रॉझ येणार.

मंडळी, धावपळीच्या दिवसाला खुशाल हेक्टिक म्हणा. पण त्या शब्दाची दाराला कडी करू नका. आपली माणसं कडी वाजवत बसत नाहीत. मुकाट्यानं परत फिरतात.