उत्तरेकडची खिडकी

बुरुजाच्या एकशे ब्याण्णव पायऱ्या चढून सेव्हेरिन मालेत्स वर पोचला, तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती. वरच्या खोलीत लोकरी चपला घालून बसलेल्या ओनुफ्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि चहाचा ग्लास पुढे सरकवला. ओनुफ्री एकोणसाठ वर्षांचा होता आणि त्यातली सतरा वर्षं त्याने याच खोलीत काढली होती. घाई ही गोष्ट त्याला कुणी शिकवलीच नसावी.

त्यांच्या गावात चर्चच्या दोन बुरुजांतल्या उंच बुरुजावरून दर तासाला ट्रम्पेट वाजवतात ते अग्निशमन दलाचे जवान. दक्षिण, पश्चिम, पूर्व, शेवटी उत्तर, अशी चार खिडक्यांतून एकच धून. आणि चारी वेळा ती एकाच सुरावर तुटते. म्हणे कुण्या एका पहारेकऱ्याला धून वाजवताना आग दिसली, तो ट्रम्पेट टाकून खाली धावला आणि परत वर आलाच नाही. तेव्हापासून गाव तेवढीच वाजवतं, एक सूरही पुढे नाही. धून तुटली की खालचे लोक वर बघून हात करतात. त्याआधी कुणी करत नाही. धून चालू असताना हात करणं म्हणजे पाद्रीबाबा बोलत असताना मध्येच जांभई देण्यासारखं.

बावीस वर्षं सेव्हेरिन आगीच्या गाडीवर होता. गेल्या ऑक्टोबरात विणकर गल्लीत व्रोना सुताराचं घर पेटलं. सुताराच्या बायकोला, काझिमिएराबाईंना, त्याने खांद्यावर टाकून बाहेर आणलं आणि सुतारासाठी परत आत शिरला. जिना अर्धा चढला असेल नसेल, तोच कमांडरबाईंचा हुकूम आला, 'बाहेर ये!' तो आला. मिनिटभरात छप्पर खाली बसलं, सुतार आतच राहिला. तू केलंस ते बरोबरच केलंस असं त्याला सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्याने काही फरक पडला नाही.

घरी तो झोपण्यापूर्वी पाच-पाच वेळा गॅस बघू लागला. जानेवारीत दलाच्या स्टेशनवर कुणाच्या हातून चमचा पडला, तर हा हेल्मेट घालून गाडीत जाऊन बसला. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आग विझली हे तुझ्या डोक्याला कळलंय. तुझ्या अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही." त्यांनी सहा महिने गाडी बंद केली. सेव्हेरिन तरुणपणी दलाच्या बँडमध्ये वाजवायचा, म्हणून त्याला बुरुजावर पाठवलं. तिथे शांतता असते असं सगळ्यांचं म्हणणं.

तीन खिडक्यांतून तो झकास वाजवायचा. चौथ्या खिडकीशी घोळ व्हायचा. सूर तुटायच्या जागी तो थांबतच नसे. चार-पाच सूर पुढे जाई, पदरचे, गोड, नीट शेवट करणारे. तीन आठवडे हेच चाललं होतं. गावात बोभाटा झाला. चर्चमधल्या गायकांच्या मास्तरांनी तक्रार लिहिली. बाजारात हेरिंग मासे विकणारी ब्रोन्या भर गर्दीत ओरडली, "काय रे मालेत्स, शेकडो वर्षं कुणाला सुचलं नाही ते तुला सुचलं होय? उद्या चर्चलाही तिसरा बुरूज बांधशील!"

आज सकाळी कमांडर सिकोराबाईंनी त्याला बोलावून सरळ सांगितलं होतं, "बाराला मी खाली चौकात उभी राहणार आहे. जिथे थांबायचं तिथे थांबलास तर बुरूज तुझा. नाही तर घरी बस, कागद तयार आहेत." बाई दुष्ट नव्हत्या. हे सांगताना त्या त्याच्याकडे न बघता टेबलावरच्या पेनाकडे बघत होत्या.

"थांबता येत नाही का थांबायचं नाही?" ओनुफ्रीने काकडीचं लोणचं चावत विचारलं.

"तुम्हाला माहितीये उत्तरेला काय आहे ते."

"विणकर गल्ली आहे. बहिणीकडे राहते काझिमिएरा, हिरवी खिडकी. मग?"

"बाराला ती रोज खिडकी उघडून उभी राहते. आणि माझं वाजवून झालं की धाडकन लावून घेते." सेव्हेरिनने ग्लास खाली ठेवला, तो बशीवर खुळखुळला. "तिच्याकडे तोंड करून अर्ध्यात सोडवत नाही हो मला. एकदा सोडलंय."

"बरं. आणि तू पुढचं वाजवलंस की इग्नात्सी व्रोना जिना उतरून खाली येतो का?"

सेव्हेरिनला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ओनुफ्रीच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता.

"एक सांगतो," ओनुफ्री म्हणाला, "थांबल्यावर काय होतं ते तू कधी बघितलंच नाहीस. सूर तुटला की हात हलवल्यासारखं करतोस आणि पळतोस पुढच्या खिडकीला, जणू तिथे धूर दिसतोय. आज पळू नकोस. दहा आकडे मोज आणि उभा राहा."

बाराचे ठोके पडले. सेव्हेरिनने दक्षिणेची खिडकी उघडली, वाजवलं, सूर तुटला. पाय पुढच्या खिडकीकडे वळलेच होते. त्याने ते रेटून जागेवर ठेवले. एक, दोन, तीन.

खाली चौक थबकला होता. भाजीवालीचा हात तराजूवर तसाच. सायकलवाला एक पाय जमिनीला टेकवून उभा. शे-दीडशे चेहरे वर वळले होते आणि कुणीच बोलत नव्हतं. न वाजलेला सूर सगळं गाव मिळून ऐकत होतं. इतकी मोठी शांतता सेव्हेरिनने आयुष्यात ऐकली नव्हती. मग एक हात वर झाला, मग दहा, मग सगळा चौक. हे रोज होत होतं, दर तासाला, आणि आपण याच्याकडे पाठ करून पळत होतो, हे कळून तो पार चक्रावला.

पश्चिमेला तो दहापर्यंत थांबला. पूर्वेला मोजायचंच विसरला. नदीपलीकडच्या शेतात बटाटे लावणारी माणसं मुंगीएवढी दिसत होती, तीही कमरेवर हात ठेवून वर बघत होती. एवढ्या लांबून!

मग उत्तर. त्याने खिडकी उघडली. हिरवी खिडकी उघडी होती. काझिमिएराबाई काळ्या शालीत उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात चौकटीला टेकलेला होता. चौकात सिकोराबाई असतील, कागद असतील, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. त्याने वाजवायला सुरुवात केली. तुटायची जागा जवळ आली, तसे पुढचे सूर छातीत येऊन दाटले. जिना, धूर, 'बाहेर ये!'

तो थांबला.

छाती फुटेल असं त्याला वाटलं. फुटली नाही. एक, दोन, तीन, चार. आता ती खिडकी लावून घेईल. पाच.

काझिमिएराबाईंचा हात चौकटीवरून निघाला आणि वर गेला. नुसता हलवला नाही त्यांनी, पार डोक्याच्या वर नेला, गाडी सुटताना फलाटावरची माणसं करतात तसा, आणि तो हलवतच राहिल्या. तेव्हा सेव्हेरिनला उमगलं. तीन आठवडे बाई रोज याच्यासाठीच उभ्या राहत होत्या. आभार मानायचे तर धून तुटल्यावरच मानता येतात, आणि ती जागा त्याने रोज आपल्या सुरांनी भरून टाकली होती. त्यांना हात करायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. ट्रम्पेट काखेत धरून त्याने आपला हात उंच केला.

मागून ओनुफ्रीने विचारलं, "दहा झाले का रे?"

"नाही," सेव्हेरिन म्हणाला. "अजून नाही झाले."

समोरची खिडकी उघडीच होती.