अर्ध्या पंगतीचं रान

मांडवझरीच्या रानात दिवे लागायच्या वेळेला कोणी जात नसे. कोणाची छाती असेल त्यानं खुशाल जावं, पण परत आल्यावर आपल्या ओट्यावर येऊन बसू नये, असं जो तो म्हणे. रान तसं फार मोठं नव्हतं. साग, धावडा, मोह, बिजा, खाली तेंदूची झुडपं आणि मधून एक नाला. पण त्यातल्या बऱ्याच झाडांना छातीएवढ्या उंचीवर चुन्याचा पांढरा पट्टा मारलेला होता, आणि एकेका पट्ट्यामागं गावातलं एकेक मेलेलं माणूस उभं होतं.

हे भुतांचं वऱ्हाड रानात नेऊन बसवलं कोणी, तर शाळामास्तरानं. कृष्णकांत मास्तर म्हणजे भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला माणूस. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली, मालगुजाराचं रान सरकारचं झालं, आणि शेजारच्या गावचं रान कोळशाच्या ठेकेदाराकडे गेलं. दोन उन्हाळ्यांत तिथं बकरीला अंग घासायला खोड उरलं नाही. मास्तरानं त्याचा धसका घेतला. चार माणसं धरून त्यानं 'रान राखण मंडळ' काढलं, अर्ज केले, वर्ध्याला खेटे घातले, आणि शेवटी रान मंडळाच्या राखणीत आलं. अट एवढीच, की राखणदाराची मजुरी आणि हद्दीच्या चराचा खर्च मंडळानं भरायचा. तो थकला की रान लिलावात.

आता पैसा आणावा कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गवत विकून चराचाही खर्च निघेना. वर्गणी मागितली की लोक म्हणत, कापूस येऊ द्या. कापूस आला की म्हणत, पुढच्या वर्षी पाहू. पण घरात कोणी मेलं आणि तेराव्या दिवसाची तेरवी निघाली की हेच लोक भांडी गहाण टाकून गावजेवण घालत. मास्तरानं नेमकं तिथं बोट ठेवलं. तो म्हणाला, तेरवीची पंगत अर्धी करा आणि उरलेल्या अर्ध्या पंगतीचे पैसे रानाला द्या, मंडळ तुमच्या माणसाच्या नावानं एक झाड कायमचं राखील. लोकांना ते पटलं. पैसे येऊ लागले, आणि पट्ट्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची कोणाची हिंमत होईना.

मास्तर खूश झाला. पण लोकांनी माणसाचं नाव झाडाला दिलं तसं माणूसही झाडाला देऊन टाकलं, हे बिचाऱ्याच्या ध्यानात फार उशिरा आलं. जावई सासऱ्याच्या सागाखाली वहाणा काढू लागले. एक सून सासूच्या धावड्यासमोर उभी राहून मनसोक्त भांडून आली आणि म्हणाली, "पहिल्यांदा मले पुरं बोलू देलं बुढीनं." दोन राखणदार काम सोडून पळाले. त्यातल्या तानबाला तर म्हणे मेलेल्या काकानं नाल्याकाठी हाक मारून तंबाखू मागितला. द्यावा की न द्यावा, या विचारातच त्याला ताप भरला.

मग राखणीला भागीरथा उभी राहिली. नवरा वारल्यावर ती लेकीला घेऊन भावाच्या, रामाजीच्या, आसऱ्याला मांडवझरीत आली होती. लेक कमला, सात वर्षांची, देवीच्या साथीत गेली. अर्ध्या पंगतीचे पैसे हिच्याजवळ कुठले? त्याबदली तिनं हद्दीचा चर खणला, आणि मंडळानं नाल्याकाठच्या जुन्या बिजाच्या झाडाला कमलाच्या नावाचा पट्टा दिला. भागीरथा तशीही रोज तिथं जातच होती. तिला कशाचं भ्या वाटावं? ज्याला भ्यायचं ते होऊन गेलं होतं.

आणि तिला हाक येई. दिवेलागणीला, बिजाच्या बाजूनं, एकच. "माय." कमला पाणी मागताना मारायची तशी, अर्धवट झोपेतली. पहिल्यांदा भागीरथेच्या अंगावर काटा आला. मग सवय झाली, मग ओढच लागली. दिवसभर ती वणव्याची पट्टी साफ करी, चुकार गुरं हाकी, आणि उन्हं उतरली की तिचे पाय आपोआप नाल्याकडे वळत. हाक आली की ती "ओ" देई. पुढं काहीच होत नसे. पण तेवढ्यावर तिचा दुसरा दिवस निघे.

छप्पन सालच्या दसऱ्याला रामाजी, भागीरथा आणि त्यांचा सगळा मोहल्ला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. परत आलेल्या माणसांची चालच बदलली होती. जन्मभर मान खाली घालून वागलेले म्हातारे गावातून मधोमध चालू लागले. घरातले देव नाल्यात गेले. श्राद्ध नाही, पिंड नाही, तेरवी नाही.

"मेलेलं माणूस झाडात बसते, हे आपल्यात आता नाई," रामाजी मोहल्ल्याला म्हणाला. "आपले पट्टे पुसून टाकू."

सगळे हो म्हणाले. भागीरथाही म्हणाली. दीक्षेची शपथ तिनं मनापासून घेतली होती. काथ्या आणि पाण्याची घागर घेऊन तिनंच मोहल्ल्याचे सारे पट्टे घासून काढले. कमलाचा पट्टा तिनं सगळ्यांच्या शेवटी घेतला. घासता घासता पोरीचं तोंड धुतल्यागत तिला झालं. त्या संध्याकाळी ती मुद्दाम लवकर घराकडे निघाली, तर मागून हाक आली. "माय."

तिनं ओ दिली नाही. घरी येऊन ती वळचणीला बसून रडली. शपथ घेतलेल्या तोंडानं ओ द्यावी तर खोटेपणा, न द्यावी तर पोरगी एकटी. रामाजीला सांगावं तर तो म्हणाला असता, भागी, मनाचे खेळ आहेत. ते का तिला कळत नव्हतं? मनाचे खेळ असोत की कोणाचे असोत, हाक रोज येत होती, आणि ती रोज तोंडात पदर कोंबून घरी जात होती.

इकडे मोहल्ल्याची तेरवी बंद झाली तशी अर्धी पंगतही बंद झाली. ते पाहून बाकीच्या गावानंही हात आखडला. ते देत नाईत तर आम्हीच काऊन द्यावं? फाल्गुनात शाळेच्या पडवीत मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष सदाशिवराव, गावचे पाटील. ते लोडाला टेकून होते. राखणदार म्हणून भागीरथा खांबाशी बसली होती.

"हिंगणघाटचा लाकूडवाला तयार आहे," सदाशिवराव म्हणाले. "गाडीच्या कामाले त्याले बिजा पाह्यजे. बिनापट्ट्याची मोठी झाडं देऊन टाकू. मजुरी निघते, चर निघते, बाकी रान वाचते."

"म्हणजे कुंपणानंच शेत खावं," रामाजी म्हणाला.

"मंग तू देतं का पैसे?"

मास्तरानं मान वर केली नाही. "रामाजी, दुसरा उपाय दिसत नाही. चैत्रात खर्च भरला नाही तर सगळंच रान लिलावात जाईल."

लाकूडवाल्याचा माणूस आदल्या दिवशीच रानात फिरून गेला होता, आणि पसंत पडलेल्या झाडांना त्यानं कुऱ्हाडीची खाच मारून ठेवली होती. पहिली खाच नाल्याकाठच्या बिजाला. बिजाला जखम झाली की लाल चीक गळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भागीरथेलाही ठाऊक होतं. तरी सकाळी ती तो चीक पदरानं पुसत राहिली, थांबेल म्हणून. तोच लाल झालेला पदर कमरेला खोचून ती बैठकीला आली होती.

"नाल्यावरचा बिजा देऊ नका," ती म्हणाली.

"त्याच्यावर पट्टा कुठं आहे? तूच पुसला ना?"

"हो. मीनंच पुसला."

सदाशिवराव माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "मंग मार परत पोरीच्या नावाचा. पैशाचं पाहू मागं. आम्ही काही नाई म्हणत नाई."

सगळ्यांनी रामाजीकडं पाहिलं. "भागी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुले तसंच वाटत असन तर कोणी तुले बोल लावणार नाई."

भागीरथेच्या घशाशी 'हो' आलं होतं. देवाशप्पथ सांगतो, तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर म्हणून मोकळं झालं असतं. तिनं ते गिळलं.

"नाई भाऊ. सोडलं ते सोडलं." मग तिनं हातातले चांदीचे गोठ ओढून काढले आणि मास्तरापुढं ठेवले. "हे माझ्या अर्ध्या पंगतीचं. त्या बिजाले माझ्या नावाचा पट्टा मारतो मी."

"काय बोलतं भागीरथे?" सदाशिवराव लोडावरून पुढं सरकले. "जित्त्या माणसाची तेरवी कोणी करते का?"

"आमच्यात आता मेल्यावरही करत नाईत. मंग कधी देऊ?"

पहिल्यांदा हसला तो रामाजी, आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले. "गोष्ट तर खरी आहे. आपली कोणाचीच पंगत होणार नाई. तो पैसा जित्तेपणीच रानाले देऊ." त्यानं आपल्या नावाचं झाड सांगितलं. मग म्हातारे बाबाराव उठले, मग कौशल्याबाई उठली, आणि दोन दिवसांत सारा मोहल्ला आपापल्या नावानं देऊन गेला. ते पाहून गावालाही लाज वाटली आणि त्यांची अर्धी पंगत पुन्हा सुरू झाली. चैत्रात खर्च भरला गेला. लाकूडवाला रिकाम्या गाड्या घेऊन आल्या वाटेनं परत गेला.

गोष्ट इथंच संपती तर किती बरं झालं असतं.

भागीरथेनं आपल्या हातानं आपला पट्टा मारला. त्या संध्याकाळी ती बिजाखाली थांबली. आज हाक आली तर ओ द्यायची, मग काय व्हायचं ते होवो, असं तिनं ठरवलं होतं. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि पुढंही कधी आली नाही.

गावाचं आणखीनच निराळं झालं. पट्टा म्हणजे मेलेलं माणूस, हे लोकांच्या हाडीमाशी भिनलेलं. रामाजीला आणि बाकीच्यांना त्यांनी चेष्टेवारी नेलं. पण भागीरथेचा पट्टा पहिला, आणि ती दिवसभर त्या रानातच एकटी. बाया तिला मागून हाक मारेनात. ती नाल्यावर आली की धुणं अर्धं टाकून उठत. एकदा सदाशिवरावांची बायको मीराबाई तिच्यादेखत शेजारणीला म्हणाली, "मोठ्या मनाची होती हो बिचारी."

"मीराबाई, मी इथंच उभी आहो," भागीरथा म्हणाली.

मीराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती घरात निघून गेली.

तिच्याशी धड बोलणारी एकच उरली, तेलघाणीवाली शोभाबाई. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. तेंदूची पानं तोडायच्या दिवसांत एकदा भागीरथा रामाजीबरोबर आंजीच्या बाजाराला गेली आणि उन्हं कलल्यावर परतली, तर शोभाबाई तिच्या दारात बसलेली. पानांचा भारा तसाच बाजूला पडलेला.

"तू आज कुठं होती?"

"बाजाराले गेलतो. भाऊ होता संगं."

"सकाळपासून?"

"हो. काऊन?"

शोभाबाईनं ओठांवरून जीभ फिरवली. "मंग बिजाखाली कोण बसलं होतं वं? मीनं पाह्यलं. तूच होती, हेच लुगडं. पुढ्यात एक पोरगी, अन् तू तिच्या केसातला गुंता सोडवून राह्यली होती. पोरगी सारखी बडबडून राह्यली होती, अन् तू हो हो करून राह्यली होती. मीनं दोनदा हाक मारली. तू वर पाह्यलं नाई."

आता ही किंचाळेल, पळेल, निदान भावाला तरी हाक मारेल, असं शोभाबाईला वाटलं.

"हासत होती का ते?" भागीरथेनं विचारलं.

"कोण?"

"पोरगी."

"हो. खूप."

भागीरथा उंबऱ्यावर बसली. शोभाबाईला ऊन लागलं असेल, हे तिला कळत होतं. मेलेलं माणूस झाडात बसत नाही, हेही तिला कळत होतं, आणि ते ती कोणापुढंही बोलली असती. पण पोटात आग पडली होती ती भीतीची नव्हती. सवतीचं सुख ऐकून पडावी तशी होती.

"मीनं त्या बिजाखालच्या बाईले जागा देली, शोभाबाई," ती म्हणाली. "माझ्या नावानं देली, अन् माझी पोरगी तिच्यापाशी जाऊन बसली. अन् मी बाजारातून पट्ट्याचा चुना आणून राह्यलो."

शोभाबाईला त्यातलं काही उमगलं नाही. तिनं भारा डोक्यावर घेतला आणि ती भराभरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भागीरथा दिवेलागणीच्या कितीतरी आधी बिजाखाली गेली. खाचेतला चीक काळा पडून सुकला होता. खाली गवत होतं, दोन वाळकी पानं होती, बसल्याची खूण कुठं नव्हती. तिनं हाक मारली. आधी पोरीला मारली, मग स्वतःचंच नाव घेऊन मारली. अंधार पडेपर्यंत ती तिथं उभी होती. तिला बिजाखालच्या त्या बाईचा राग करायचा होता, पण तो राग काही टिकेना. पुढ्यात कमला बसलेली असती तर तिनं स्वतःही वर पाहिलं नसतं.