आर्गॉनच्या टाकीतला दिवा

दिवसभर बोलून घसा बसला होता, त्यात शेवटच्या तासाले समीक्षा उभी राह्यली. अकरावीतली पोरगी, प्रश्न पोटात ठेवणार नाही.

"मॅडम, आर्गॉन कोणासोबतच जुळत नाही म्हणता, पण त्याचं एक संयुग बनलं आहे ना?"

"हौ, बनलं आहे. हायड्रोजन आन् फ्लोरीनसोबत. पण भयंकर थंडीत. जराशी ऊब लागली का सुटून जाते. तू परीक्षेत 'जुळत नाही' असंच लिहिजो."

घरी आली त महेंद्र, माझा नवरा, अंगणात टाकीले शिडी लावून उभा. आमचं वेल्डिंगचं काम घरीच चालते. राइस मिलची स्टीलची टाकी होती, पुरुषभर उंच, वरून एक माणूस शिरन एवढंच तोंड. वेल्डिंग करताना आतून जोड काळा पडू नये म्हणून हा टाकीत आर्गॉन भरते. आता आत उतरून जोड घासायचे होते, आन् सकाळी मिलची गाडी येणार होती.

"आतला गॅस काढला का?" मी विचारलं.

"कायले? आर्गॉनच त आहे. तूच ओसरीवर पोट्ट्याइले शिकवतं ना, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मंग मलेच काय करते?"

माझ्या शिकवण्या ऐकून ऐकून हा अर्धा मास्तर झाला. ऐकते अर्धं आन् शहाणा होते पूर्ण! माझं डोकंच फिरलं.

"जुळत नाही म्हटलं मी. मारत नाही म्हटलं का? हवेहून जड आहे तो, तळाशी बसते. तिथं श्वास कायचा घेसान?"

"वास त काही येत नाही."

"त्याले वास नसतेच!"

गडी ऐकेना. एक पाय आत टाकलाच. भांडाले माझ्यात जीव उरला नव्हता. माझे बाबा आमच्या गावाले, लामत्याले, विहिरी साफ करत. आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडत. तो विझला त कोणीच उतरायचं नाही, मंग गावचा पाटील का असंना. मी घरातून दिवा आणला, लोट्यात बसवला, लोट्याले दोरी बांधली.

"हा जळत राह्यला त उतरा. मी काही बोलणार नाही."

"आता टाकीची पूजा का?" तो हसला.

दिवा तोंडातून थोडासाच खाली गेला आन् विझला.

"वारा लागला असन."

बंद टाकीत कायचा वारा? मी बाहेर पेटवून दाखवला, चांगला जळला. आत सोडला, विझला. मंग दोरी त्यानं आपल्या हातात घेतली. तरी विझला.

तो शिडीवरून उतरला आन् विटांवर बसला. तोंड उतरलं होतं.

"सकाळी टाकीत उतरलो होतो, गीता. अर्धी शिडी. पाय लटपटले म्हणून वर आलो. उपाशी होतो, वाटलं त्याच्यानंच."

"आन् मले सांगतलं नाही?"

"तू पेपर तपासून राह्यलती. थकलेली दिसली."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मंग दुसरा, आन् तिथंच बसून रडाले लागली. थकलेली दिसली म्हणे! रांडमुंड झाली असती त थकवा उतरला असता का माझा?

त्यानं मिलले फोन करून गाडी परवावर ढकलली. ब्लोअरचा पाइप टाकीच्या तळापर्यंत सोडला. अंधार पडेपर्यंत ते यंत्र घरघरत होतं. मंग त्यानं पुन्हा दिवा सोडला. या वक्ती तळाशी गेला तरी जळत राह्यला.

महेंद्रनं शिडीले हात लावला, पण चढला नाही. माझ्याकडं पाह्यलं.

"उतरू का?"

लग्नाले एवढी वर्षं झाली, कोणत्याच कामाले त्यानं मले असं विचारलं नव्हतं.

"आज नाही," मी म्हटलं. "आधी जेवा."