सोमेश्वरची तिसरी

मी कमलबाई, आखाडा बाळापूरची कासारीण. तीस वर्षं झाली बांगड्या भरून राहिले. कळमनुरी तालुक्यातल्या किती नवरींचे हात माझ्या हातातून गेले, ते मलाच ठावं न्हाई. लग्नघरात बामणाच्या आधी कासारीण येती, म्हून घरातलं खरं-खोटं मला आधी कळतं. आन् कळलेलं पोटात ठेवणं बी मला चांगलं जमतं. त्याचीच आता लाज वाटून राहिली. म्हून सांगते, ऐका.

मंजुळाबाईचं घर आमच्यापासून तीन कोसावर. हळदीचा मोठा पसारा, दारात ट्रॅक्टर, घरात तिचाच शब्द चालतो. नवरा ग्यानबा, बस म्हणलं की बसतो, ऊठ म्हणलं की उठतो. एकुलता एक पोरगा सोमेश्वर, शाळेत क्लार्क, पस्तिशीचा. त्याच्या दोन बायका मेल्या. पहिली बाळंतपणात गेली, दुसरी काविळीनं. दोघींचे चुडे मीच भरले होते. चांगल्या पोरी होत्या हो, दुसरी तर लई हसरी.

आता आमच्याकडं काय मानतात, ते आधी सांगून ठेवते. माणसाची तिसरी बायको जगत न्हाई, असं म्हणतात. म्हून दोन बायका गेलेल्या माणसाचं तिसरं लगीन आधी रुईच्या झाडाशी लावतात. रुईला हळद-कुंकू लावायचं, सूत गुंडाळायचं, अक्षता टाकायच्या. झाली ती तिसरी. मग रुई कापून फेकायची, बायको मेली म्हून नवऱ्यानं आंघोळ करायची, आन् मग जी खरी बायको आणायची ती झाली चौथी. तिला धोका न्हाई. आमच्यात सगळेच असं करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत न्हाई.

मंजुळाबाईला वसमतच्या उद्धवरावांची पोरगी पाहिजे होती, अपर्णा. उद्धवराव हळदीचे आडते, पोरगी बीएड झालेली, वय जरा पुढं गेलेलं. त्यांना नोकरीवाला जावई पाहिजे, हिला तालेवार व्याही पाहिजे. सगळं बराबर जुळलं होतं. रुईची गोष्ट निघाली तव्हा मात्र उद्धवरावानं मान हलवली.

"मी झाडाबिडाचं लगीन मानत न्हाई, ईहीणबाई," तो म्हणला. "माझ्या चुलत बहिणीला रुई लावूनच दिली होती. दीड वर्षात गेली. तिसरी म्हणजे तिसरी बाईच पाहिजे. ती होऊन जाऊ द्या, मग आमची पोरगी सुखानं न्या."

त्यानं हे चहाच्या कपात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणलं. मंजुळाबाईनंच मला पुढं सगळं हसत सांगितलं. तिथून उठली ती मनात ठरवूनच उठली बाई.

आजकाल आमच्याकडं पोरी मिळत न्हाईत. एजंट लोक बाहेरून आणून देतात. मंजुळाबाईनं असाच एक एजंट गाठला आन् त्यानं खंडव्याकडून पोरगी आणली. पुनम तिचं नाव. आई मेलेली, काकाच्या घरात वाढलेली, एकवीस-बावीस वर्षांची. सावळी, उंच, मोठाले डोळे. बरोबर एक काका आला होता, तो दुसऱ्याच दिवशी परत गेला.

मला निरोप आला तव्हा पौष चालला होता. मी म्हणलं, अगं बाई, पौषात कुणी लगीन करतं का? आमच्याकडं पौषात साधी सुपारी फुटत न्हाई. पण पुनमच्या मुलखात संक्रांत झाली की लग्नं सुरू होतात, त्यामुळं तिला कशाचाच संशय आला न्हाई. ती आपली खुशीत बसली होती. घरापुढं मांडव न्हाई, पाहुणा न्हाई, वाजंत्री न्हाई. तिला वाटलं, इकडं असंच असतं आसंल.

मी बांगड्यांची पेटी उघडली तशी मंजुळाबाईनं मला सैपाकघरात ओढलं.

"लई चांगल्या भरू नको गं कासारणी. साध्या भर. दोन-तीन महिन्याचं काम हाये."

"म्हंजे?"

"रुई हाये ती," असं म्हणली आन् पदर तोंडाला लावून हसली. मग उद्धवरावाचं बोलणं सांगितलं. एजंटाचं सांगितलं. वैशाखात अपर्णाचं लगीन, तिचा चुडा बी तूच भरायचा, असं बी सांगितलं. "तिला काही मारून-बिरून टाकत न्हाई आमी. तिच्या नावानं आंघोळ करू आन् गाडीत बसवून देऊ. तिचं बी काय बिघडतं? दोन महिने पोटभर जेवंल."

मी काय केलं सांगू? मी "बरं" म्हणलं. वैशाखातल्या चुड्याचं माझ्या मनात आलं, मोठ्या घराशी वाकडं कशाला घ्यावं हे बी आलं. मुडदा बशिवला माझ्या त्या शहाणपणाचा! बाहेर आले आन् त्या लेकराच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. अंगठा आत दुमडून एक एक चढवली. ती कळ सोसत होती आन् हसत होती.

"मावशी, यहाँ और क्या करते हैं?" तिनं विचारलं. "मुझे सिखाओ ना. सब सिखाओ."

आमच्याकडं नवरी नवऱ्याचं नाव घेते, ते मी तिला सांगितलं. एक उखाणा शिकवला. तिनं तो दहा येळा घोकला. मग मारुतीच्या देवळात अक्षता पडल्या, तिथल्या तिथं शेजारच्या चार बायका जमल्या, तव्हा ही उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरला आन् धीटपणानं म्हणली,

"हळदीच्या शेतात हिरवं हिरवं पान, सोमेश्वररावांचं नाव घेते, राखा माझा मान."

बायकांनी माना डोलावल्या. मंजुळाबाई माझ्या कानाशी लागली, "बघ की, रुई बोलायला लागली." आन् पोट धरून हसली. चुडा भरल्यावर नवरी कासारणीच्या पाया पडते, तशी पुनम माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. अखंड सौभाग्याचा दिला. माझी जीभ झडली न्हाई.

पुढं दोन महिने मी त्या गावाला चार येळा गेले असंल. दर येळी पोरगी कामातच. हळद निघाली होती. मोठ्या कुकरमधी कंद शिजवायचे, उन्हात पसरायचे, वर-खाली करायचे. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. सासूला "आई" म्हणायची. ग्यानबाला येळेवर चहा द्यायची. मराठी बी झटक्यात उचलली. एकदा मला म्हणली, "मावशी, आमच्यात सून वर्षभर टिकली की सासू तिच्या हातात घराची किल्ली देते. इकडं कधी देतात?"

मी म्हणलं, "देतात, देतात."

सोमेश्वर? त्याचं विचारू नका. आईनं सांगितलं म्हून वेगळ्या खोलीत निजायचा. पण पोरगी जेवण वाढायची तव्हा तिच्याकडं बघायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकदा हिंगोलीहून येताना तिला चपला बी आणल्या. मला वाटलं, कोण जाणे, पोरगं आईला न्हाई म्हणंल. मला तसं वाटून घेणं सोपं होतं. मग मला तोंड उघडावं लागत न्हाई.

चैत्रात एका सकाळी निरोप आला, पेटी घेऊन ये. मी गेले. अंगणात कपडे धुवायच्या दगडाजवळ तिघं उभी होती, डोक्यावरून पाणी घेतलेली, ओली. ग्यानबा, मंजुळाबाई आन् सोमेश्वर. सोमेश्वर धोतरात कुडकुडत होता. बाजूला पाण्याचं टिपाड आन् तांब्या. पुनम ओसरीच्या पायरीवर टॉवेल घेऊन उभी. पाणी तिनंच भरून दिलं होतं हो त्यांना! सकाळी सकाळी सासूनं सांगितलं, आमाला थंड पाण्याची आंघोळ करायची हाये, टिपाड भर. तिनं भरलं.

मला पाहून ती पळत आली. तोंड भेदरलेलं.

"मावशी, कौन मर गया? कोणी सांगत नाही मला."

मंजुळाबाईनं केस झटकले. "बस गं कासारणी. हिच्या बांगड्या उतरव. गाडी सांगितली हाये, नांदेडातून हिला रेल्वेत बसवायची. आन् नीट ऐक. साबण लाव, तेल लाव, काय बी कर. पण एक बी बांगडी वाढू देऊ नको. माझं लेकरू जितं हाये."

बांगडी फुटली असं आमी म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. फुटायच्या बांगड्या त्या नवरा मेलेल्या बाईच्या. बायको मेली म्हून नवऱ्यानं आंघोळ केली तर चालतं, पण त्याच बायकोच्या बांगड्या फुटल्या तर मेला कोण? सगळं गणित मांडलं होतं मंजुळाबाईनं, बायकांची गिनती बराबर केली होती, पण या बांगड्यांचं तिला भ्याव वाटून राहिलं होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी दगडाशी बसले. पुनमचा हात हातात घेतला. कुकरच्या वाफेनं बोटं सुजली होती. साबण लावला, डाव्या हातातली एक बांगडी उतरवली. दुसरी उतरवली. ती माझ्याकडं एकटक बघून राहिली.

"मावशी, सांगा ना. कोण मेलं?"

मग माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. लई उशिरा ऱ्हावलं न्हाई.

"तू मेलीस बाई," मी म्हणलं. आन् सगळं सांगून टाकलं. रुईचं, उद्धवरावाचं, पौषाचं, वैशाखातल्या लग्नाचं. मंजुळाबाई "ए कासारणी, तोंड आवर!" म्हून ओरडत होती, तरी सांगितलं.

पुनम रडली न्हाई. तिनं सोमेश्वरकडं पाहिलं. "खरं आहे?"

सोमेश्वर म्हणला, "मी आईला म्हणलं होतं, राहू दे म्हून." आन् खाली बघायला लागला. त्याच्या नाकावरून पाणी टपकत होतं.

"तुला कुणी काही केलं का?" मंजुळाबाई पुढं आली. "मारलं? उपाशी ठेवलं? दोन लुगडी दे हिला नवी, आन् जाऊ दे. कशाला तमाशा? हात पुढं कर पोरी. काढ गं तू राहिलेल्या."

पुनमनं हात पुढं केले. दोन्ही. मला वाटलं माझ्याकडं करून राहिली. तिनं ते उचलले आन् धाडदिशी दगडावर आपटले. एकदा. मग परत. मग परत. हिरव्या काचा अंगणभर उडाल्या. मनगटं रक्तानं भरली. एकही बांगडी शिल्लक राहिली न्हाई.

मंजुळाबाईनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बायका गच्चीवर आल्या. पोरीच्या पायावर पडली हो ती! जिला रुई म्हणत होती तिच्या पायावर. "असं करू नको गं माय. एक तरी घाल हातात. एकुलतं एक हाये माझं. र्‍हा तू इथंच, मी वसमतला न्हाई म्हून कळवते, पण एक बांगडी घाल."

"आई, मला काही होणार न्हाई ना?" सोमेश्वर विचारत होता. पस्तीस वर्षांचा बाप्या. ग्यानबा भिंतीला टेकून बसला.

पुनमनं रक्ताळल्या हातानं कपाळाचं कुंकू पुसलं. टिपाडातला तांब्या भरला.

"सोमेश्वर मर गया," ती म्हणली. मोठ्यानं म्हणली, गच्चीवरल्यांना ऐकू जाईल असं. राव न्हाई, काही न्हाई, नुसतं नाव. आन् तांब्या डोक्यावर ओतला.

मंजुळाबाई आता माझ्याकडं वळली. माझे पाय धरले. "कासारणी, तू घाल गं. तुझं ऐकंल ती. तुला मावशी म्हणते. एक बांगडी, एकच."

आन् मी, काय सांगू, मी खरंच पेटीतून एक बांगडी काढली. तीस वर्षांची सवय म्हणा, भ्याले म्हणा, काही बी म्हणा. बांगडी हातात घेऊन पुनमपुढं केली.

तिनं माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तरी बरं होतं. तिनं वाकून दुसरा तांब्या भरला.

"ये मावशी के नाम का," ती म्हणली, आन् डोक्यावर ओतला.

मग ओल्या कपड्यानंच घरात गेली, पिशवी घेतली आन् फाटकाबाहेर चालती झाली. सोमेश्वरनं आणलेल्या चपला पायरीवरच राहिल्या. तिला थांब म्हणावं असं माझ्या मनात आलं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार होते? मी हातात ती बांगडी धरून दगडाशी बसून राहिले.