सतरावी मात्रा

लेकाने पुन्हा तीच मात्रा खाल्ली, तशी टेमर हेस्लॉपने जवाच्या पिठाचा गोळा टेबलावर दाणकन आपटला.

“खाल्ली नाही गं आई, गाळली.” जेबेझने फिडलवरून गज उचलला. तीन दिवस मेंढ्या कातरून त्याचे हात लोकरीच्या तेलाने तुळतुळीत झाले होते. “जुन्या धुना लिहून घ्यायला आलेल्या न्यूकॅसलच्या त्या गृहस्थांनी कागदावर मांडून दाखवलं. धून सोळा मात्रांची. सतरावी फालतू.”

“ते परवा आले. धून पन्नास वर्षांची आहे.”

“मामाने ती कोठारातल्या उंबरठ्यासाठी घातली होती. नाचणाऱ्यांना पाय उचलायला सवड हवी म्हणून. धुनेचं नावच मुळी ‘उंबरठ्यावरून’! आणि तो उंबरठा तूच उखडायला लावलास. मग आता थांबायचं कोणासाठी?”

टेमर गोळा उचलून भट्टीकडे निघाली. डावा पाय मागून, आपल्या सवडीने आला.

“मग आज पहिली फेरी दुसऱ्या कोणाला दे. मी दमलेय.”

“तू? दमलीस?”

“का? मला बंदी आहे?”

कातरणीच्या जेवणानंतर नाचाची पहिली फेरी घरच्या कर्त्या बाईची. टेमरने ती एकदाही सोडली नव्हती.

विशीत तिच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. त्या साली ती कोठाराच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. भाऊ कथबर्ट फिडल घेऊन आला आणि म्हणाला, “ऊठ. नवी धून केलीय. वळणावर थांबेन मी.” नाच झाल्यावर कोणीतरी विचारलं, मध्येच अडखळलास का रे? “उंबरठा आहे ना तिथे,” तो इतक्या सहज म्हणाला, की धुनेला नावही तेच पडलं. उंबरठा होता दाराशी. वळण घ्यायचं ते पार पलीकडे, खिडकीखाली. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि टेमरने येऊ दिलं नाही.

संध्याकाळी कोठारात मटण झालं, बियर झाली. कातरणारे भिंतीला पाठी टेकून पेंगत होते. म्हाताऱ्या रॉब्सनने तिच्यापुढे हात केला. ती नको म्हणणार तोच टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या लोकांदेखत बसून राहणं तिला जमेना. ती उठली.

जेबेझ वाजवत होता, नजर कागदावर. फरशीवर बूट घासल्याचा आवाज आला तशी त्याने मान वर केली. खिडकी जवळ येत होती. आईच्या मुठीत रॉब्सनची बाही पिळवटली होती.

गज थांबला. एकच मात्रा. मागचा पाय आला, टेमर वळली, धून पुढे गेली.

फेरी संपल्यावर न्यूकॅसलच्या गृहस्थांनी पेन्सिल उचलली. “वळणावर चुकलात.”

जेबेझने लांब दाराकडे पाहिलं. मग आईच्या बुटाकडे.

“चुकलो नाही, साहेब.” त्याने गजाने खिडकीखालची सपाट फरशी दाखवली. “इथे उंबरठा होता.”

गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

टेमर बाकावर टेकली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

“वाजवण्यात तू कथबर्टच्या पासंगालाही पुरायचा नाहीस,” ती लेकाला म्हणाली. “पण खोटं अगदी त्याच्यासारखं बोलतोस.”