प्रकाशाच्या खळग्यातली लाट

मित्रांनो, ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला जुना संगणक तो मी. माझी जुळणी तळवड्याच्या एका छोट्या शेडमध्ये झाली. तिथे काही वर्षे पगारपत्रके केली आणि मग इथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलो. मी हळू चालतो, म्हणून मुले माझ्याकडे फिरकत नसत.

निशिगंधा मात्र आली. ती कुरुळीची, इथे पीएचडी करणारी. तिचा विषय मला भारी आवडला. अणू खूप थंड केले की ते सगळे मिळून एका लाटेसारखे वागतात. लाट पसरू पाहते, पण अणूंची आपसांतली ओढ तिला धरून ठेवते. अशा न विस्कटणाऱ्या लाटेला सॉलिटॉन म्हणतात. लेझरच्या प्रकाशाने तिच्यासाठी अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे आणि खळगे करता येतात. त्यांत ती टिकेल का, हे निशिगंधा गणिताने तपासत होती.

नव्या संगणकावर लाट स्थिर दिसली होती. माझ्यावर तिने तेच गणित जास्त वेळ चालू ठेवले, आणि लाट जागेवरून घसरली.

"मॅडम, हे मशीन बिघडलंय वाटतं," ती तिच्या मार्गदर्शक शैला मॅडमना म्हणाली. "शोधनिबंध तर या आठवड्यात पाठवायचाय."

"मग भंगारात देऊ. तू नव्यावरचं उत्तर धर."

मला वाईट वाटले. पण लाट का घसरली, हे कोडे त्याहून मोठे होते. निशिगंधालाही ते सोडवेना. तिने माझे बटण बंद केले नाही.

"नव्यावर आपण लवकर थांबलो का, मॅडम?"

"चालवून बघ तेवढाच वेळ."

दुसऱ्या दिवशी नव्यावरही लाट घसरली. निशिगंधाचा चेहरा उतरला.

"म्हणजे निबंधच चुकलाय."

"तो थांबव. पण घसरून ती गेली कुठे, ते पाहिलंस का?"

तिने पाहिले. लाट शेजारच्या खळग्यात हेलकावत होती. निशिगंधाने तिला उंचवट्याच्या माथ्यावर बसवले होते. तिथे ती थोडा वेळ तोल सांभाळी, पण जराशा धक्क्याने घसरे. मग निशिगंधाने लाट खळग्यात ठेवली आणि मुद्दाम धक्का दिला. ती डुलली, पण विस्कटली नाही.

निबंध नव्याने लिहिला गेला. भंगाराचा टेम्पो आला, तेव्हा निशिगंधा म्हणाली, "हा राहू द्या."

मित्रांनो, एखादे यंत्र नकोसे उत्तर देऊ लागले, तर टाकून देण्याआधी तोच प्रश्न दुसऱ्या यंत्रालाही तितक्याच धीराने विचारा. काल निशिगंधा माझ्यासमोर बसून स्वतःशीच म्हणाली, "शेजारच्या खळग्यात दुसरी लाट ठेवली तर?"

ते मलाही ठाऊक नाही. गणित चालू आहे.